खांद्याला मार लागल्यानंतर आतलं हाड ‘मरतं’ म्हणजे नेमकं काय?

देवपूर (धुळे) : मोटारसायकल घसरली, धाब्यावरून पाय सटकला किंवा बैलाने धडक दिली, तर बऱ्याचदा मार खांद्यावर येतो. पट्टा निघतो, हाड जुळल्याचं डॉक्टर सांगतात. वर्ष-दीड वर्षाने तोच खांदा पुन्हा ठणकायला लागतो. घरचे म्हणतात, जुना मार आहे, थंडीत दुखणारच. अनेकदा ते खरंही असतं. पण काही जणांच्या खांद्यातलं हाड आतून मेलेलं असतं. डॉक्टर याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, थोडक्यात ‘एव्हीएन’ म्हणतात.

हाड जिवंत असतं आणि त्यालाही रक्त लागतं. दंडाच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असून ते खांद्याच्या वाटीत फिरतं. त्याला रक्त नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या मानेला बिलगून वर जातात. तिथेच हाडाचे तीन-चार तुकडे झाले किंवा मोडण्यासोबत सांधाही निखळला, की त्या तुटतात. पाटचारी फुटल्यावर शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसंच. मेलेलं हाड लगेच ढासळत नाही. काही महिने, कधी काही वर्षं ते आकार धरून राहतं, मग गोळा वरून खचतो आणि सांधा झिजू लागतो.

सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, इथेच फसगत होते. संशय असेल तर एमआरआय करावा लागतो. दुखणं आत खोलवर, रात्री जास्त, हात डोक्यावर नेताना कळ, कधी ‘कट’ असा आवाज, ही लक्षणं. अर्थात प्रत्येक दुखरा खांदा एव्हीएन नसतो. साखरेचा त्रास असलेल्यांचा खांदा आखडतो, तो आजार वेगळा आणि जास्त आढळणारा.

मार न लागताही हे होतं. जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड आणि दारू ही मोठी कारणं. कोरोनानंतर 2021 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांना एव्हीएन झाल्याचं समोर आलं होतं. ते दुखणं खुब्याचं होतं, उपचारात स्टेरॉइड दिलेलं होतं. साक्री, शिरपूर आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे, त्यातही खांदा-खुब्याचं हाड मरू शकतं. नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्या बंद करा. मात्र डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मनाने एकदम थांबवू नका.

दिलासा एवढाच, की खांद्यावर खुब्यासारखं शरीराचं वजन येत नाही. त्यामुळे बरेच जण व्यायाम आणि औषधांवर काम भागवतात. गोळा खचण्याआधी निदान झालं तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करतात. खचल्यावर सांधा बदलण्याचा पर्याय उरतो. जुन्या मोडलेल्या खांद्याला हाडवैद्याकडून ओढून-चोळून घेऊ नका.

धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. जाताना जुने एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या, तुलना त्यावरच होते. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या.