विंचवाच्या लशीचं कूळ

म्हसळ्यात कुणाला साप चावला किंवा विंचू डसला की घरची माणसं दवाखान्यात पहिलं विचारतात, ‘लस आहे ना?’ शिकलेले लोक त्यांची चूक काढतात: लस रोगाआधी टोचतात, हा विषावरचा उतारा. मला गावचा शब्दच खरा वाटतो. मराठीत लस म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारं पाणी, आणि हे औषध घोड्याच्या रक्तातल्या तशाच पाण्यापासून काढलेलं असतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचत गेलं की त्याच्या रक्तात ते विष नेमकं धरून ठेवणारी प्रथिनं तयार होतात. हीच प्रतिपिंडं. कॅन्सरच्या गाठीवर सोडली जाणारी काही नामांकित औषधं याच कुळातली.

कुळाचा आरंभ १८९०चा. बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचं रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवतं. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिखने जर्मनमध्ये जो शब्द वापरला, त्याचं सरळ मराठी रूप म्हणजे ‘प्रतिपिंड’. रोगालाच लागेल आणि बाकीचं शरीर सोडून देईल अशा औषधाचं स्वप्नही एर्लिखचंच. आपल्याकडे त्यासाठी रामबाण हा शब्द आधीपासून होता. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये एरिकूर आणि रिशे यांनी हाडाच्या कॅन्सरचा अर्क गाढवाला आणि कुत्र्यांना टोचून त्यांचं रक्तद्रव रुग्णांना दिलं. थोडा उतार पडला, पण रोग हटला नाही.

विषावर जे साधतं ते गाठीवर का साधत नव्हतं? विष परकं असतं, ते ओळखू येतं, म्हणून लस लागू पडते. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिन या औषधाच्या जोडीला विंचवाची लस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. गाठ मात्र आपल्याच पेशींची. तिची एखादीच खूण वेगळी, आणि घोड्याच्या लशीत तर नाना तऱ्हेच्या प्रतिपिंडांची सरमिसळ.

ती सरमिसळ १९७५ मध्ये केंब्रिजला सुटली. कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडली. कॅन्सरची पेशी मरत नाही, वाढतच राहते; तिचा तोच दुर्गुण कामी आला. जोडपेशी एकाच जातीचं प्रतिपिंड अखंड बनवू लागली. त्यांनी पेटंट घेतलं नाही. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण उंदराचं प्रथिन माणसाचं शरीर परतवून लावतं, म्हणून ते पिढीगणिक माणसाळवत नेलं. ती वंशावळ नावांतच आहे. ‘म्हसळकर’ म्हटलं की गाव कळतं, तसं शेवटच्या ‘मॅब’वरून कूळ कळतं आणि २०१७ पर्यंत ठेवलेल्या नावांत त्याआधीच्या अक्षरावरून मूळ. रिटुक्सिमॅबमधला ‘क्सि’ म्हणजे उंदीर आणि माणूस यांचा जोड. ट्रास्टुझुमॅबमधला ‘झु’ म्हणजे बहुतांशी माणसाचं. निवोलुमॅबमध्ये ‘मॅब’च्या आधीचा ‘उ’ म्हणजे पूर्ण मानवी. १९९८ मध्ये मान्यता मिळालेलं ट्रास्टुझुमॅब स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू ही खूण जास्त असलेल्या पेशींना जाऊन चिकटतं. शंभरातल्या पंधरा-वीस बायकांच्याच गाठीवर ती खूण सापडते, म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासायचा.

हे औषध तयार करताना नर्सचे हात बघावेत. तळाशी पांढरी भुकटी. त्यावर पाणी हळूच सोडायचं आणि कुपी अलगद फिरवायची. हलवायची अजिबात नाही. फार फेस आला तर प्रथिन बिघडू शकतं. सापाच्या लशीची कुपीही अशीच फिरवतात.

निवोलुमॅब गाठीला शिवतच नाही. आपल्या संरक्षक पेशींना लागलेला लगाम ते सोडवतं. त्याची किंमत मिश्री-तंबाखूने तोंड पोखरलेल्या इथल्या माणसाच्या आवाक्यातली नाही. म्हणूनच परळच्या टाटा रुग्णालयाचं काम मला या वंशावळीतलं मोठं पान वाटतं. तिथल्या डॉक्टरांनी डोकं-मानेचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. साधारण निम्म्यांना नुसती तोंडाने घ्यायची कमी मात्रेची औषधं दिली, बाकीच्यांना त्यांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४०. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. या मात्रेने ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोघांचं भागतं.