मुक्या खाजेचा इतिहास

आपल्या भाषेत कुत्र्याला देण्याजोगी सर्वांत हीन शिवी म्हणजे ‘लूतभरले’. अंगावरचे केस झडले, कातडी काळवंडली आणि कुत्रे दिवसभर खाजवीत बसले, की त्याला लूत लागली असे म्हणून आपण मोकळे होतो. गल्लीतली पोरे त्याला दगड मारतात. घरचे असेल तर त्याची रवानगी परसात, नाहीतर थेट गावाबाहेर होते. पशुवैद्य म्हणून माझे आयुष्य या खाजेच्या सहवासात गेले, आणि अनुभवाने सांगतो, की यांतल्या पुष्कळ जनावरांना लूत नसतेच. लूत हा सूक्ष्म किड्यांचा रोग. ते किडे मारता येतात. या दुसऱ्या खाजेत मारायला शत्रूच सापडत नाही. फुलांचे पराग, घरातली धूळ, एखादे अन्न, पिसवांची लाळ अशा एरवी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर शरीर आपण होऊन उसळते. शिकलेले लोक याला अॅलर्जी म्हणतात. आपली आजी साधेपणाने ‘वावडे’ म्हणे.

या वावड्याच्या शास्त्राचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे, कारण त्याच्या आरंभीच कुत्रे उभे आहे. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या विषारी जीवांचा अभ्यास करीत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. थोडे थोडे विष देत गेले तर जनावर त्याला सरावेल, अशी कल्पना. घडले उलटेच. पहिल्या मात्रेतून वाचलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अल्पशी मात्रा दिली, तर ते अर्ध्या तासाच्या आत गतप्राण झाले. संरक्षणासाठी असलेली यंत्रणाच घातक ठरू शकते, हे त्या मरणाने सिद्ध केले. १९०२ साली या घटनेला ‘अॅनाफिलॅक्सिस’ हे नाव मिळाले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक. ‘अॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला.

पुढे माणसांच्या वावड्यावर झपाट्याने काम झाले. १९११ साली लंडनला लेनर्ड नून यांनी परागांच्या अर्काची सुई टोचून परागज्वराचा उपचार सुरू केला. परंतु ज्या प्राण्याने जीव देऊन हे दार उघडले, त्याला स्वतःलाच हा रोग होत असेल, असा विचार फारसा कुणी केला नाही. १९४१ साली मिनियापोलिसचे डॉक्टर विटिच यांनी एका कुत्र्याची हकीकत छापली. शरद ऋतूत रॅगवीड नावाच्या रानगवताचे पराग उडू लागले की त्याला माणसासारखाच त्रास होई, आणि परागांच्या अर्काने त्यावर उपचार करता आला. विटिच हे माणसांचे डॉक्टर होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पशुवैद्यांच्या बाजूने हे काम मुख्यतः फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वाढले. युरोपातून तेथे आलेले फ्रँक क्रॅल यांनी नोव्हाक यांच्यासह १९५३ साली पशूंच्या त्वचारोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्यामागून श्वार्ट्‌झमन आले, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडचे रिचर्ड हॅलिवेल. १९६६ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने माणसाच्या रक्तातले वावड्याचे प्रतिद्रव्य, म्हणजे आयजीई, ओळखले होते. १९७२ साली हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याचे आयजीई माणसाच्या आयजीईशी नाते सांगते, हे दाखवून दिले. माणूस आणि कुत्रा यांचा आजार केवळ दिसायला सारखा नव्हे, मुळातच एका जातीचा आहे, असे त्यातून ठरले. हॅलिवेल पुढे फ्लोरिडाला आणि मग एडिंबराला गेले. पिसवांच्या वावड्यावरही त्यांनी दीर्घकाळ काम केले.

एवढे साम्य असूनही एक फरक आहे, आणि तोच आम्हां पशुवैद्यांना चकवतो. परागांनी माणूस बहुधा शिंकतो, कुत्रे खाजवते. ते पंजे चाटते, तोंड सतरंजीवर घासते, त्याचे कान वारंवार पिकतात. त्रासदायक कण श्वासावाटेच आत जातात, असा पूर्वी समज होता. आता असे दिसते, की दुबळ्या झालेल्या कातडीतूनच ते शिरतात. म्हणून अंघोळ आणि कातडीची निगा यांना उपचारात मानाचे स्थान मिळाले.

आपल्याकडेही या कुळाचा पाहुणा आला आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसू लागलेले गाजरगवत हे रॅगवीडप्रमाणेच सूर्यफुलाच्या कुळातले. त्याच्या संपर्काने शेतकऱ्यांच्या कातडीची दुर्दशा झाली. त्या वावड्याची तऱ्हा वेगळी, पण शरीर उसळते हे तत्त्व तेच.

उपचारांची कथा सुखाची आणि दुःखाची आहे. १९४८ साली कॉर्टिझोन प्रथम माणसावर वापरले गेले, आणि त्याच्या जातीची औषधे पुढे आमच्या हातीही आली. खाज एका दिवसात थांबे, मालक हात जोडीत. पण महिनोन्‌महिने ती चालू ठेवली, की कुत्रे पाणी पीत सुटे, लठ्ठ होई, कातडी पातळ पडे. २००४ साली इंटरल्यूकिन ३१ या द्रव्याचा शोध लागला. खाजेचा निरोप नसांपर्यंत पोचविण्यात त्याचा मोठा वाटा. कुत्र्यांसाठी ऑक्लासिटिनिब २०१३ साली आणि लोकिव्हेटमॅब त्यानंतर अमेरिकेत आले, ते हा निरोप अडविण्यासाठी. रोग त्यांनी जात नाही; झोप मात्र परत येते.

ती झोप लहान गोष्ट नव्हे. रात्रभर गळ्यातला पट्टा वाजवीत खाजवणाऱ्या कुत्र्याच्या घरात कुणीच झोपत नाही, आणि चार महिन्यांत माया आटते. ‘डॉक्टर, आता हे सोडून द्यावे म्हणतो,’ असे म्हणणारे भले गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांना मी क्रम सांगत आलो: आधी पिसवा पाहा, मग लूत, मग जेवण बदलून आठ आठवडे थांबा, एवढे करूनही खाज राहिली, तर वावडे समजा आणि आयुष्यभर सांभाळायची तयारी ठेवा. हा क्रम कंटाळवाणा आहे. पण तो पुरा पाळणाऱ्या घरांतून कुत्रे रस्त्यावर आलेले मला आठवत नाही.