पाण्याचा हिशेब

आमची पनवेलची नगरपालिका १८५२ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. गावाला गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचं पाणी. १९७०मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. रुळांपलीकडे, भातखाचरांच्या जागी नवीन पनवेल उभं राहू लागलं. नगरपालिकेची सभा ऐकून आलेले बाबा म्हणायचे, "अरे, घरं कुणीपण बांधील, पाणी कुठून आणणार?" आम्हा पोरांना ते म्हाताऱ्यांचं रडगाणं वाटायचं. पुढे धरणात गाळ साठला, वस्ती वाढली, उन्हाळ्यात टँकर दारात आला. २०१६मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. हंडा घेऊन रांगेत उभा राहिलो तेव्हा कळलं, बाबांचं ते रडगाणं नव्हतं, हिशेब होता.