फरशीवरचे भांडे आणि फरशीखालचा माणूस

घराची दुरुस्ती काढली म्हणजे बैठकीच्या रंगाची चर्चा आपण चार दिवस करतो आणि संडासाचा प्रश्न गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. इतिहास लिहिणाऱ्यांचेही पुष्कळसे असेच झाले आहे. दरबाराची वर्णने पानोपानी मिळतात. त्या वाड्यातला मैला कोण उचलीत होते हे मात्र शोधावे लागते. म्हणून आज मी तख्ताचा नव्हे, तर फरशीवर बसवायच्या चिनी मातीच्या भांड्याचा इतिहास सांगणार आहे.

या भांड्याचा प्राण त्याच्या चकाकीत नाही, खालच्या बाकात आहे. १७७५ साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने नळाला इंग्रजी एस अक्षरासारखे वळण देऊन त्याचे पेटंट घेतले. त्या वळणात ओंजळभर पाणी कायम साचून राहते. मैला पुढे जातो, परंतु गटारातील वायू मागे घरात येऊ शकत नाही. पुढे १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा याने यंत्रात सुधारणा केली. हा सुताराचे काम शिकलेला. लोकांच्या घरी ही यंत्रे बसवता बसवताच त्यांतील खोड त्याच्या ध्यानात आली. एक घड्याळजी आणि एक सुतार. कामगाराच्या हाताला डोके नसते असे मानणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

१८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याने सार्वजनिक शौचकूप मांडले आणि ८,२७,२८० लोकांनी प्रत्येकी एक पेनी देऊन त्यांचा उपयोग केला. पण घरातली घाण लोटून दिली म्हणजे ती नाहीशी होते थोडीच! ती थेम्स नदीत गेली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून ठेवावे लागले. कायदे करणाऱ्यांच्या नाकापर्यंत वास पोहोचला, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या इंजिनियराच्या भुयारी गटारांना चालना मिळाली. गरिबांच्या वस्तीत तो वास आधी कितीतरी वर्षे होताच!

तोवर हे यंत्र लाकडी पेटीत झाकलेले असे. गळती झाली तरी दिसत नसे आणि लाकूड आतून कुजे. १८८० नंतरच्या दशकात ट्वायफर्डसारख्या कुंभारकाम करणाऱ्या कारखानदारांनी एकसंध मातीचे, थेट फरशीवर उभे राहणारे भांडे तयार केले. पेटी गेली, भोवतालची फरशी उघडी पडली आणि ती धुता येऊ लागली. फरशीवर भांडे बसवण्याचे खरे महत्त्व यात आहे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाचा एक करच होता. हलालखोर म्हणजे कष्टाचे, हक्काचे खाणारा. समाजाने ज्याची सावली टाळली, त्याच्या धंद्याच्या नावातच प्रामाणिकपणा असावा, ही केवढी विसंगती! जुन्या वाड्यांत संडास मागच्या अंगाला असे. खाली टोपली किंवा डबा आणि मागच्या बोळात उघडणारे एक लहानसे दार. मेहतराने त्या दारातूनच यायचे आणि डोक्यावर भार घेऊन जायचे. घरात पाण्याचे भांडे बसले की ते दार बुजवले जाई. त्या चार विटांनी जे साधले, ते शंभर उपदेशांनी साधले नव्हते.

उपदेशाबरोबर कृती करणारेही होते. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागून उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत संडासाचे प्रयोग केले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, केंद्राने १९५७ मध्ये मलकानी समिती. तरीही कोरड्या संडासांना आणि हाताने मैला उचलण्याला बंदी घालणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले आणि तो पुरा पडेना म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

जुन्या घरात नवे भांडे बसवताना कारागीर प्रथम काय पाहतो? भांड्याचा रंग नव्हे. नळ फरशीतून खाली जातो की भिंतीतून बाहेर, आणि भोकाचा मध्य तयार भिंतीपासून किती अंतरावर आहे. नव्या टाइल्सची जाडी हिशेबात धरली नाही, तर आणलेले भांडे बसतच नाही. वरच्या मजल्यावर टाइल्स लावण्यापूर्वी कोब्यावर पाणी साठवून दिवसभर ठेवतात आणि खालच्या शेजाऱ्याचे छत पाहतात. भांडे टेकवताना पाणसळ लावतात, कारण ते डुगडुगले की सांधा सुटतो. जो घरमालक एका दिवसाची मजुरी वाचवण्यासाठी ही परीक्षा टाळतो, तो पुढे पुन्हा फरशी फोडतो.

पण सर्वांत मोठा प्रश्न कारागीर विचारीत नाही, तो आपण विचारायचा: हा नळ शेवटी जातो कोठे? पुष्कळ ठिकाणी तो सेप्टिक टँकमध्ये जातो. तेथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो वाढला की नाकाला वास येणेच बंद होते, आणि आत उतरलेल्या माणसाला धोका कळण्यापूर्वीच तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढली, पण माणसे उतरवणे थांबले नाही.

सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हा कायदा सरकारइतकाच घरमालकालाही लागू आहे. पूर्वी मागच्या दाराने येणारा माणूस निदान दिसत तरी होता. आता तो फरशीखाली गेला आहे. तेव्हा उद्या घराची दुरुस्ती काढाल तेव्हा भांडे हवे ते निवडा, पण टाकीचे झाकण यंत्राची नळी पोहोचेल अशा जागी ठेवा आणि उपसायला माणूस नव्हे, यंत्र बोलवा. मागच्या पिढीने ते दार बुजवले. हे झाकण माणसासाठी कधीच उघडू न देणे, एवढे काम आपल्या पिढीच्या वाट्याला उरले आहे.