आवृत्ति-नियंत्रण, संगणकीय खेळांतील

संगणकावर तयार होणाऱ्या कृतीत झालेले बदल कोणी, केव्हा व कशासाठी केले यांच्या नोंदींसह क्रमवार साठविणारी आणि पूर्वीची कोणतीही आवृत्ती पुन्हा उपलब्ध करून देणारी पद्धती. ती मूलतः आज्ञावलींच्या मजकुरासाठी निर्माण झाली. संगणकीय खेळात मात्र आज्ञावलीबरोबरच चित्रे, त्रिमितीय प्रतिकृती, ध्वनी व दृश्यरचना यांचा समावेश असतो. त्यामुळे मजकुराच्या बाबतीत यशस्वी ठरलेले तंत्र येथे अपुरे पडले.

प्रारंभ : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही पद्धती विकसित करण्यास सुरुवात केली. तीत प्रत्येक आवृत्ती संपूर्णपणे न साठविता केवळ तिच्यातील फरक नोंदविले जात. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या आरसीएस पद्धतीत अखेरची आवृत्ती संपूर्ण ठेवून मागील आवृत्त्या फरकांवरून सिद्ध केल्या जात. या दोन्ही पद्धतींत फाइलीला ‘कुलूप’ लावले जाई व एका वेळी एकाच व्यक्तीला तीत बदल करता येई. ॲम्स्टरडॅम येथे डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या सीव्हीएसने ही अट शिथिल केली. दोघांनी निरनिराळ्या ओळींत केलेले बदल मागाहून एकत्र करता येऊ लागले. लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या गिट (२००५) या विकेंद्रित पद्धतीत तर प्रत्येक सहभागी व्यक्तीजवळ संपूर्ण इतिहासाची प्रत राहू लागली.

खेळांपुढील अडचणी : बदलांचे एकत्रीकरण ओळींच्या तुलनेवर अवलंबून असते. चित्रे व प्रतिकृती यांच्या द्विमान स्वरूपातील फाइलींत अशा ओळी नसतात. एकाच प्रतिकृतीवर दोन चित्रकारांनी एकाच वेळी काम केल्यास एकाचे श्रम बहुधा वाया जातात. शिवाय अशा फाइली आकाराने मोठ्या असल्याने त्यांच्या सर्व आवृत्त्या प्रत्येकाने बाळगणे गैरसोयीचे होते. म्हणूनच मध्यवर्ती कोठार व कुलपाची सोय असलेली, १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची परफोर्स ही प्रणाली मोठ्या खेळनिर्मात्यांत रूढ झाली. मजकुराच्या बाबतीत मागे पडलेले कुलूप पुढे इतर प्रणालींनीही स्वीकारले. सबव्हर्जनमध्ये ते २००५ साली (आवृत्ती १.२), तर गिटच्या एलएफएस या पुरवणीत २०१७ साली आले. २०१५ मध्ये प्रसृत झालेल्या या पुरवणीत मोठी फाइल वेगळ्या जागी ठेवून मुख्य कोठारात तिचा निर्देश करणारी छोटी नोंद ठेवतात.

जतन व हानी : जॉर्डन मेकनर यांच्या प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९) या खेळाची ॲपल २ संगणकासाठीची मूळ आज्ञावली अनेक वर्षे हरवलेली होती. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांच्या घरी जुन्या तबकड्या सापडल्याने ती वाचविता आली. जपानमधील किंगडम हार्ट्‌स (२००२) या खेळाची मूळ सामग्री मात्र हरवली होती. त्यामुळे २०१३ च्या सुधारित आवृत्तीसाठी निर्मात्यांना तिचा बराच भाग नव्याने घडवावा लागला. हानी चोरीमुळेही होते. व्हॉल्व्ह या कंपनीच्या हाफ-लाइफ २ या खेळाची आज्ञावली प्रकाशनापूर्वीच, २००३ मध्ये, चोरीस जाऊन सर्वत्र पसरली.

सुरक्षित वापर : या अनुभवांतून काही प्रथा रूढ झाल्या आहेत. द्विमान फाइलीवर काम सुरू करण्यापूर्वी तिला कुलूप लावतात व काम संपताच ते काढतात. दृश्यरचना शक्य तेथे मजकूररूपात साठवितात. युनिटी या खेळनिर्मितीच्या साधनात प्रत्येक सामग्रीसोबत तिची ओळख सांगणारी ‘मेटा’ फाइल असते. ती सोबत नोंदविली नाही, तर इतर फाइलींतील संदर्भ तुटतात. याउलट ‘लायब्ररी’ या फोल्डरमधील सामग्री साधनाला पुन्हा तयार करता येत असल्यामुळे ती कोठारात ठेवीत नाहीत. कोठारात प्रवेशाचे अधिकार कामापुरतेच दिले जातात.

आवृत्ति-नियंत्रण ही चुकीपासून परत फिरण्याची सोय आहे. मध्यवर्ती कोठार ज्या संगणकावर असते तोच निकामी झाल्यास ती सोयही निरुपयोगी ठरते. म्हणून कोठाराची प्रत अन्यत्र ठेवणे आणि त्या प्रतीवरून खेळ पुन्हा उभा करता येतो की नाही, हे मधूनमधून तपासून पाहणे आवश्यक असते.