बेतून घेतलेला भपका

साठचं दशक संपत आलं तेव्हा लंडनमधलं केन्सिंग्टन मार्केट हिप्पी, कलाविद्यार्थी आणि होतकरू वादकांनी गजबजलेलं असे. तिथल्या एका छोट्या गाळ्यात दोन तरुणांनी आधी कॉलेजातल्या मित्रांची चित्रं विकायला ठेवली, मग ते जुन्या एडवर्डियन कपड्यांकडे वळले. त्यांतला एक रॉजर टेलर, ड्रमवादक. दुसरा फारोख बुलसारा. १९६९ मध्ये ईलिंग आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेऊन तो नुकताच बाहेर पडला होता. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं.

फ्रेडीचा भपका जन्मजात होता, असं त्याचे चाहते सहज बोलून जातात. त्याची कारकीर्द मात्र वेगळं सांगते. हा भपका त्याने शिकून, निवडून, अंगाला बेतून घेतला होता.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. घर पारशी, आडनावातलं गाव गुजरातेतलं बुलसार, म्हणजे आजचं वलसाड. वडील बोमी झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठेक वर्षांचा झाला तसं त्यांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडलं. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलंच. पियानोचे धडेही तिथेच मिळाले आणि ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी बँडही तिथेच उभा राहिला. गंमत अशी, की त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानो वाजवायचा.

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठलं. हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये बिऱ्हाड मांडलं. शिक्षणाच्या काळात फ्रेडीने विमानतळावर सामान उचलण्याचंही काम केलं.

१९७० मध्ये टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे यांच्यासोबत त्याने नवा बँड सुरू केला. ‘क्वीन’ हे नाव त्याने सुचवलं आणि स्वतःसाठी ‘मर्क्युरी’ हे आडनाव घेतलं. वर्षभरात बेसवादक जॉन डीकन आला. मग फ्रेडीतल्या चित्रकाराने चौघांच्या राशींवरून बँडचं मानचिन्ह रेखाटलं: सिंह राशीचे दोन सिंह, कर्केचा खेकडा, त्याच्या स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स.

तो काळ ग्लॅम रॉकचा होता. मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी चेहऱ्याला रंग फासून मंचावर येत होते. १९७४ मध्ये फ्रेडी आणि मे फॅशन डिझायनर झॅन्ड्रा ऱ्होड्सच्या कार्यशाळेत गेले. तिने तिथले कपडे अंगावर चढवून हालचाल करून बघायला सांगितलं. हात उचलताच पंखांसारखा उघडणारा पांढरा, चुण्यांचा सदरा फ्रेडीने उचलला. तो मुळात नववधूच्या पोशाखासाठी बेतलेला होता.

गाण्यातही तोच हव्यास. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी आवाजांवर आवाज इतके चढवले गेले, की रेकॉर्डिंगची टेप झिजून तिच्यातून आरपार दिसू लागली. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. रेडिओवर कोण वाजवणार, ही रेकॉर्ड कंपनीची धास्ती. कॅपिटल रेडिओच्या केनी एव्हरेटने ते शनिवार-रविवारात १४ वेळा वाजवलं. नंतर ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

१९८० च्या सुमारास त्याने लांब केस कापले आणि मिशा ठेवल्या. चाहत्यांनी मंचावर दाढीची पाती फेकून नाराजी कळवली. त्याने मिशा ठेवल्याच.

सगळेच निर्णय वाखाणण्यासारखे नव्हते. १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत क्वीनने कार्यक्रम केले. संगीतकारांच्या ब्रिटिश संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत बँडचं नाव गेलं. यातून सुटायला कलाकाराला राजकारण कळत नाही, ही सबब पुरेशी नाही.

पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ ला, वेम्ब्ली स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीचा कार्यक्रम झाला. सुमारे ७२ हजार प्रेक्षक, उन्हाळी संध्याकाळचा लख्ख उजेड, वाट्याला जेमतेम वीस मिनिटं. बँडने त्याआधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली होती. फ्रेडीच्या अंगावर होती फक्त पांढरी बनियन आणि जीन्स. भपक्याशिवायही अख्खं स्टेडियम त्याच्या हातवाऱ्यांवर टाळ्या देत होतं. १९८६ च्या दौऱ्यात पोशाखकार डायना मोझलीने त्याच्यासाठी मुकुट आणि मखमली झगा तयार केला. ९ ऑगस्टला नेबवर्थमध्ये क्वीनसोबतचा त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी केन्सिंग्टनमधल्या घरी त्याचं निधन झालं. वय ४५. अंत्यविधी पारशी पद्धतीने, मोबेदांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, प्रार्थनांसह झाले.

सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीजने लंडनमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव केला. मुकुट आणि झग्याचे ६ लाख ३५ हजार पौंड आले. ज्या यामाहा पियानोवर त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचली, त्याचे आले १७ लाखांहून अधिक.