गिटार आणि घाम

‘ब्लूज’ हे अमेरिकेतील मिसिसिपीच्या कापूसमळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे गाणे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु अर्धेलीची शेती आणि दुकानदाराचे कर्ज यांनी माणूस बांधलेलाच राहिला. तेथल्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली, वयाच्या २७व्या वर्षी तो वारला.

इंग्लंडात १९४५ साली जन्मलेला रॉक संगीतातील नामवंत गिटारवादक एरिक क्लॅप्टन अशा तबकड्या ऐकून शिकला. त्याला खरे ब्लूज वाजविता येते काय? बोटांपुरते विचाराल तर येते. कसब ही कोणा एका वर्णाची मिरास नव्हे. मग अडते कोठे?

१९७६ साली बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून याच क्लॅप्टनने परदेशांतून आलेल्या कृष्णवर्णीयांना देशाबाहेर घालविण्याची भाषा केली. २०१८ मध्ये त्याने त्याबद्दल लाज वाटत असल्याचे सांगितले, हेही नमूद केले पाहिजे.

सूर शिकणे ही अर्धी विद्या. ज्यांच्या घामातून तो सूर आला, त्यांच्या बाजूने उभे राहणे ही उरलेली अर्धी. त्या रात्री क्लॅप्टन या दुसऱ्या अर्ध्यात नापास झाला.